राखाडी होण्याआधी

हा रस्ता नीट बघा. खड्डा एकही नाही. तरी सकाळपासून इथे यंत्रं उभी आहेत, आणि येणारे-जाणारे विचारतायत, “चांगला तर आहे, कशाला उगाच पैसा घालताय?”

रंग बघा. नवा होता तेव्हा काळाकुळकुळीत होता. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, आता राखाडी झालाय. खडीला खडी धरून ठेवतं ते डांबर. ऊन आणि हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू कडक करतात. मग अवजड गाडीखाली ते लवत नाही, तडकतं. बारीक खडी सुटून कडेला जमते. दुचाकीवाल्यांना हे सगळ्यांत आधी कळतं.

आणि ही केसाएवढी भेग. मे महिन्यात तिच्याकडे कोण बघतं? पण मृगाचा पाऊस पडला की पाणी इथूनच आत शिरतं. खाली खडी, मुरूम आणि त्याखाली आपली देशावरची काळी माती, भिजली की फुगणारी, वाळली की आकसणारी. भिजलेल्या थरावरून ट्रक गेला की दाबानं पाणी भेगेतून वर उसळतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. भेगेच्या तोंडाशी मातकट डाग दिसला, तर आत पोकळी धरायला लागली म्हणून समजा. खड्डा त्यानंतर पडतो.

म्हणून आधी भेगा. कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवायची, भेग कोरडी करायची, रबर मिसळलेलं गरम डांबर भरायचं. वेळखाऊ काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता मायक्रोसर्फेसिंग, म्हणजे जुन्या रस्त्यावर नवा पातळ थर चढवणं. बारीक खडी, थोडं सिमेंट, पाणी आणि पॉलिमर घातलेलं डांबराचं इमल्शन या गाडीतच मिसळतं. भट्टी नाही, धूर नाही. मागच्या पेटीतून मिश्रण पसरतं तेव्हा चक्क चॉकलेटी दिसतं. थोडं थांबा. बघा, काळं पडायला लागलं. पाण्यात विखुरलेले डांबराचे थेंब खडीला चिकटले, पाणी सुटं झालं. थर जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचा. एक-दोन तासांत वाहतूक सुरू.

या थरानं रस्त्याची ताकद वाढत नाही. तो पाणी अडवतो, ऊन स्वतःवर घेतो, टायरला पकड देतो. मगरीच्या पाठीसारखा तडकलेला रस्ता यानं झाकला, तर पैसा पाण्यात. तो उकरूनच करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेनं या कामाचे निकष २००८ सालीच छापले आहेत. तरी खड्डे पडेपर्यंत आपण थांबतो, याचं वाईट वाटतं. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत ठेकेदारावर देखभालीची जबाबदारी ५ वर्षं असते. रस्त्याला खरी गरज लागते ती त्यापुढे.

यंत्र पुढे गेलं. मागे दोन माणसं फावड्यानं साइडपट्टी उतरती करतायत. ती रस्त्यापेक्षा वर आली होती, पाणी चरात जायचंच नाही. एवढा पट्टा अंधार पडायच्या आत संपवायचाय.