बाजेचा चौथा पाय

(दृश्य : मे महिन्यातली रात्र. रामटेक तालुक्यातलं गाव, अंगणात टाकलेल्या बाजा.)

"थे पाय, म्हातारीची बाज. अन् मांगं तीन चोर."

विदर्भातल्या कितीतरी पोरांना सप्तर्षी असेच ओळखीचे झाले. चार ताऱ्यांची बाज आणि ती पळवायला टपलेले तीन चोर.

आता हीच बाज नागपुरातल्या एखाद्या झगमगत्या चौकातून शोधा. तिन्ही चोर दिसतील. बाजेचे तीन पाय दिसतील. चोरांच्या बाजूचा चौथा पाय मात्र सापडणं कठीण. तो अत्री, सातांमधला सगळ्यात मंद तारा. शहराचा उजेड आधी त्यालाच गिळतो.

(दृश्य : नागपूर, उड्डाणपुलावरून.)

उघड्या दिव्याचा सगळा उजेड रस्त्यावर पडत नाही. बराचसा आडवा आणि वर जातो, हवेत आणि धुळीत विखुरतो आणि आकाशभर पसरतो. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि हवेत तोच जास्त विखुरतो. सोडियमचे पिवळे दिवे उतरले, वीज वाचली. आकाश मात्र फिकं पडत गेलं. मोठ्या शहराची ही प्रभा पन्नास-साठ किलोमीटरवरच्या मोकळ्या रानातूनही क्षितिजावर दिसू शकते.

जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आकाशाची उजळण दरवर्षी सुमारे १० टक्क्यांनी वाढतेय. म्हणजे २५० तारे दिसणाऱ्या ठिकाणी जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील.

(दृश्य : कपाशीचं वावर, प्रकाश सापळ्यावर झेपावणारे पतंग.)

किडे उजेडाकडे धावतात हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. त्याच ओढीवर तर तो वावरात प्रकाश सापळा लावतो. चौकातला उघडा दिवाही सापळाच आहे, बारा महिने चालू असलेला. त्यात रात्री फुलणाऱ्या फुलांचं परागण करणारे पतंगसुद्धा संपतात. काजव्यांचे नर-मादी लुकलुकून एकमेकांना शोधतात. खांबाखाली ती खूण दिसतच नाही.

(दृश्य : सिल्लारी. खाली तोंड केलेला पथदिवा.)

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेलं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. जंगल होतं म्हणून हे आपोआप झालं नाही. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड जमिनीकडे वळवला. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण तिथं कुणी गावाला अंधारात बसवलं नाही.

आणि बसवूही नये. कृषिपंपाला वीज रात्रीच्या पाळीत आली की माणूस बॅटरी घेऊन ओलिताला निघतो. बांधावर साप असतो, तुरीत रानडुक्कर असतं. त्याला उजेड हवाच, पण पायाखाली. ढगांना उजळणारा हायमास्ट त्याच्या काय कामाचा? तरी गावोगावी तेच खांब उभे राहतायत, विकास म्हणून.

तुमच्या गावात नवे दिवे यायचे असतील तर ग्रामसभेत आधीच मागा : वरून झाकलेले, पिवळसर, आणि मध्यरात्रीनंतर मंद होणारे. खांब उभा राहिल्यावर बदलायला परत पैसा लागतो.