माणूस कोणाला म्हणावे?

श्रोतेहो, नमस्कार.

स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७३५ साली सजीवांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा माणसाला त्यांनी चतुष्पाद प्राण्यांत, माकड आणि स्लॉथ यांच्या पंक्तीला बसवले. इतरांपुढे शरीराच्या खुणा नोंदवणाऱ्या लिनियसांनी माणसापुढे मात्र ‘स्वतःला ओळख’ एवढेच लिहिले. ‘होमो सेपियन्स’ हे नाव १७५८ सालचे. पण माणूस ओळखायचा कशावरून, हे त्या नावातूनही कळत नाही.

पुढे ही खूण मेंदूच्या आकारात शोधली गेली. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांनी ७५० घन सेंटिमीटर ही किमान मर्यादा मानली होती. १९६४ साली आफ्रिकेत सापडलेल्या ‘होमो हॅबिलिस’ या आदिमानवाचे वर्णन करताना मानवशास्त्रज्ञ लुई लीकी आणि सहकाऱ्यांनी ती ६०० वर आणली, पाहुणा आत येईना, म्हणून चौकटच मोठी केली, असे म्हणायला हरकत नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ साली सापडलेल्या ठेंगण्या मानवाचा मेंदू तर सुमारे ४०० घन सेंटिमीटरचाच होता, आणि त्याच्याच गुहेत दगडी हत्यारे मिळाली.

मग जीवशास्त्रातली जाती, म्हणजे ‘स्पीशीज’, तरी काय? (हल्ली वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ म्हणतात, आणि जुन्या मराठी ग्रंथांत तोच शब्द जातीच्या वरच्या गटासाठी, म्हणजे ‘जीनस’साठी, येतो, हा घोळ वेगळाच.) जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ सालच्या व्याख्येनुसार, निसर्गात आपसांत प्रजनन करणारा आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग असलेला समूह म्हणजे जाती. ही कसोटी अश्मीभूत हाडांना लावता येत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. सायबेरियातील डेनिसोव्हा गुहेत प्राण्यांच्या हाडांचे हजारो तुकडे पडून होते. त्यांतला जेमतेम अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा मानवकुळातला आहे, हे त्यातील प्रथिनावरून कळले, आणि २०१८ साली त्याच्या जनुकीय आराखड्यावरून असे दिसले की, सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीच्या त्या मुलीची आई निअँडरथल होती आणि वडील डेनिसोव्हन, म्हणजे दोघेही आज नामशेष झालेल्या दोन वेगवेगळ्या मानवसमूहांतले.

मायर यांची कसोटी काटेकोरपणे लावली, तर हे दोन्ही समूह वेगळे धरता येत नाहीत. आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निअँडरथलांचा एक ते दोन टक्के जनुकीय वारसा असल्यामुळे आपणही त्यांच्यातच मोडतो. कवट्या मात्र इतक्या वेगळ्या आहेत की, स्वतंत्र नावे ठेवणाऱ्या अभ्यासकांना मी चूक म्हणणार नाही. त्या मुलीच्या वडिलांच्या दूरच्या पूर्वजांतही निअँडरथल होते.