रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय?

मंडळी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या पादुआ इथे सांतोरिओ नावाचे एक वैद्य होते. त्यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तिच्यात बसून स्वतःला तोलायला सुरुवात केली. जेवणाआधी वजन, जेवणानंतर वजन, झोपेआधी, झोपेनंतर, शौचाला जाऊन आल्यावर. खाल्लेलं, प्यायलेलं आणि शरीराने बाहेर टाकलेलं, सगळं तराजूत. हा उद्योग त्यांनी सुमारे ३० वर्षं केला. आज मनगटावर घड्याळ बांधून स्वतःची मोजदाद करणाऱ्या मंडळींना हा माणूस आपला पूर्वज वाटायला हरकत नाही.

त्यांचा हिशेब काही जुळेना. दिवसात ८ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं जवळपास ५ पौंड दिसेल अशा कुठल्याच वाटेने बाहेर पडत नव्हतं. वजन तर वाढत नव्हतं. म्हणजे शरीरातून काहीतरी सतत, आपल्या नकळत उडून जातंय. १६१४ साली त्यांनी हे निष्कर्ष छापले. आज आपण सांगू शकतो की ती बरीचशी त्वचेतून आणि श्वासातून जाणारी वाफ, आणि शिवाय श्वासातला कार्बन डायऑक्साइड. हा वायू असतो हेच सांतोरिओंना ठाऊक नव्हतं. तरीही त्यांची वजाबाकी टिकली. एक हळहळ मात्र वाटते. पुस्तकात त्यांनी निष्कर्षांची छोटी छोटी वचनं दिली, रोजच्या वजनांचा तक्ता दिला नाही. तो असता तर आज आपण त्यातून त्यांना न सुचलेले प्रश्न विचारले असते.

मोजदादीवर बोलताना लोक यंत्रांपासून सुरुवात करतात. मला त्याच्या एक पायरी आधी जायचंय. कुठल्याही नोंदवहीत आकडे भरण्यापूर्वी कुणीतरी रकाने आखलेले असतात आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. खरी गडबड होते ती तिथे. बेरीज चुकली तर दुसरा कुणीतरी ती पकडतो. रकान्याचं नावच चुकलं तर पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षात येत नाही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण लंडनचं आहे. तिथे मृत्यूंची साप्ताहिक पत्रकं निघत. या आठवड्यात किती मेले, कशाने मेले. लोक ती विकत घेत, प्लेग वाढतोय का ते बघत आणि टाकून देत. जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या एका व्यापाऱ्याने ती अनेक वर्षांची पत्रकं एकत्र मांडली आणि १६६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणसांच्या आकडेवारीचं शास्त्र सुरू झालं ते साधारण इथून. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, ही गोष्ट त्याने आकड्यांनी दाखवली.

त्याची खरी हुशारी मला दिसते ती दुसरीकडेच. त्याने रकान्यांवरच संशय घेतला. मृत्यूचं कारण ठरवत कोण? त्या कामासाठी नेमलेल्या म्हाताऱ्या बायका. त्या घरी जाऊन प्रेत बघत आणि कारण सांगत. कारणांच्या यादीत ‘दात’, ‘म्हातारपण’, ‘अचानक’, ‘शोक’ असे रकाने होते. उपदंशाचे मृत्यू पत्रकात अगदी किरकोळ दिसत. ग्राँटने लिहून ठेवलंय की या बायकांना पेलाभर बिअर आणि थोडी चिरीमिरी मिळाली, की त्यांना लाजिरवाणा रोग दिसत नसे, ‘क्षय’ दिसत असे. जन्मांचंही तसंच. पत्रकात जन्म नव्हतेच, बाप्तिस्मे होते. जे पंथ तो विधी करत नव्हते त्यांची मुलं आकड्यांच्या जगात जन्मलीच नाहीत.

आता १६२५ सालचा प्लेग घ्या. पत्रकात प्लेगचे मृत्यू ३५,४१७. ग्राँटने काय केलं, तर प्लेगचा रकाना बाजूला ठेवून उरलेले बघितले. बाकी सगळ्या कारणांनी त्या वर्षी १८,८४८ माणसं गेली होती. आगेमागेच्या वर्षांत हाच आकडा सात-आठ हजार असे. मग हे जास्तीचे अकराएक हजार कुठून आले? उघड आहे. घरावर प्लेगचा शिक्का बसला की घरच्यांना आत कोंडत, म्हणून लोक कारण लपवत. प्लेगचे बळी त्यामुळे दुसऱ्या रकान्यांमध्ये जाऊन बसले होते.

हीच युक्ती साडेतीनशे वर्षांनी पुन्हा कामी आली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरातल्या सरकारांनी नोंदवलेले कोविडचे मृत्यू सुमारे ५४ लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीच्या वर्षांच्या मानाने जास्तीचे मृत्यू किती, असा प्रश्न विचारला आणि अंदाज आला १ कोटी ४९ लाखांचा. त्यात उपचार न मिळाल्याने गेलेले इतर रुग्णही आहेत, हे खरं. पण तत्त्व ग्राँटचंच: मृत्यूचं कारण लपवता येतं, मृत्यू लपवणं त्यामानाने अवघड.

मनगटावरच्या घड्याळाकडे आता जरा त्या व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. ‘पावलं’ हा रकाना. घड्याळाला पाय दिसत नाहीत. हाताची लयबद्ध हालचाल दिसते आणि त्यावरून ते पावलं ठरवतं. ढकलगाडीच्या दांड्यावर हात स्थिर ठेवून चाललात तर काही पावलं गळतात. ‘हृदयाचे ठोके’ या रकान्यावर मी बराच विश्वास ठेवतो. हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्त किती प्रकाश शोषतंय ते मोजायचं, अशी सरळ रीत आहे. विश्रांतीत तरी ते चांगलं जमतं. ‘गाढ झोप’ हा रकाना मात्र जपून वाचा. प्रयोगशाळेत झोपेच्या अवस्था ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण बघतात. घड्याळाजवळ हालचाल आणि नाडी एवढंच असतं, बाकी अनुमान. सकाळी उठून ताजंतवानं वाटत असताना घड्याळ म्हणतंय म्हणून थकवा जाणवायला लागणारे लोक आहेत. त्यांनी घड्याळ उशापासून जरा लांब ठेवावं, असं माझं मत.

आणि ते १०,००० पावलांचं लक्ष्य! १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. आकडा गोल आणि लक्षात राहणारा, म्हणून जगभर पसरला. २०१९ साली १६,७४१ वयस्क स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. एका वयोगटाचा अभ्यास आहे, सगळ्यांना लावू नका. पण ९,६०० पावलांवर रात्री अकराला बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालणाऱ्यांनी थोडं सैल व्हायला हरकत नाही. माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही, हे अर्थशास्त्रातलं निरीक्षण तिथेही लागू पडतं.

स्वतःच्या नोंदी ठेवणाऱ्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण उपाय कधी सुरू करतो? डोकेदुखी अगदी असह्य झाली, झोप अगदीच उडाली, तेव्हा. म्हणजे आलेखाच्या सगळ्यात वाईट टोकावर. टोकावरून बहुतेक गोष्टी आपोआपच नेहमीच्या पातळीकडे येतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाला हे उंचीच्या आकड्यांत दिसलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नव्हे. तुम्ही त्या वाईट दिवशी काढा घेतला तर श्रेय काढ्याला जातं. काहीच न करता बसला असता तरी बहुधा आलेख तसाच उतरला असता. यावर इलाज एकच. उपाय सुरू करण्याआधीचे काही आठवडे नोंदीत हवेत, आणि जमलं तर उपाय थांबवून, पुन्हा सुरू करून बघायला हवं. औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, हे सांगायला नकोच.

वजनाचंही असंच. मीठ जास्त झालं, पाणी साठलं, की काटा एक-दोन किलोंनी सहज हलतो. ती चरबी नसते. सात दिवसांची सरकती सरासरी, म्हणजे रोज मागच्या सात दिवसांची सरासरी काढा आणि फक्त तीच रेघ बघा.

रेघेवरून चित्रांकडे येतो. आकड्यांचा आलेख काढायची कल्पना आज इतकी सहज वाटते, की ती कुणाला तरी सुचावी लागली हे आपण विसरतो. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली देशांच्या व्यापाराचे आलेख छापले. जवळजवळ सगळे काळाबरोबर पुढे जाणाऱ्या रेघांचे. स्कॉटलंडची मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाची आकडेवारी होती. रेघ कशी काढणार? म्हणून त्याने नाइलाजाने आडव्या पट्ट्या काढल्या. जगभरच्या कार्यालयांत रोज निघणारा स्तंभालेख असा अडचणीतून जन्मला. १८०१ साली त्याने वर्तुळाचे तुकडेही करून दाखवले. तिथे मी त्याच्या बाजूचा नाही. आपला डोळा लांबी फार चांगली ताडतो, कोन आणि क्षेत्रफळ त्यामानाने वाईट. १९८४ साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी हे दाखवलं, तरी वर्तुळालेखाचा मोह काही सुटत नाही.

चित्र काढायचं कशाला, सरासरी सांगितली की पुरे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्बने १९७३ साली चार छोटे तक्ते बनवले. प्रत्येकात ११ बिंदू, प्रत्येक बिंदूला क्ष आणि य असे दोन आकडे. चारही तक्त्यांत क्षची सरासरी ९, यची साडेसात, दोहोंचा सहसंबंध, म्हणजे ते किती जोडीने वाढतात-घटतात याचं माप, ०.८२ च्या जवळ. गणिताने चारही एकसारखे. काढून बघितले तर एकात ढोबळ सरळ रेषा, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात एका बिंदूने वाकवलेली रेषा, आणि चौथ्यात सगळे बिंदू एकावर एक उभे, फक्त एक दूर पळालेला.

अशा दूर पळालेल्या बिंदूंचं काय करायचं, हे जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरकडून शिकावं. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकी पसरली. त्याचा नकाशा प्रसिद्ध आहे: पाण्याच्या पंपाभोवती मृत्यूंच्या काळ्या रेघांची दाटी. गोष्ट अशी सांगतात, की त्याने नकाशा बघितला आणि पंपाचा दांडा काढायला लावला. प्रत्यक्षात दांडा निघाला ८ सप्टेंबरला आणि नकाशा त्यानंतर तयार झाला. साथही तोवर ओसरू लागली होती. शिवाय नुसती दाटी दाखवली असती तर रोग खराब हवेतून पसरतो असं मानणारे विरोधक म्हणाले असते, तिथली हवाच विषारी आहे. स्नो गेला तो न जुळणाऱ्या ठिकाणी. शेजारच्या अनाथगृहवजा आश्रमात ५३५ माणसं राहत होती, पटकीने गेली फक्त ५. त्यांची स्वतःची विहीर होती. दारूभट्टीतले सत्तरेक कामगार सगळे सुखरूप. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते, त्यांना बिअर मिळायची. आणि दूर हॅम्पस्टेडला, जिथे पटकी नव्हती, तिथे एक वृद्ध बाई मात्र गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते रोज मागवून घ्यायची. हवेच्या सिद्धांताला या बाईचं उत्तर देता येत नव्हतं.

चिकाटीबद्दलही बोललं पाहिजे. डेसाऊ या जर्मन गावातल्या हाइनरिख श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याने १८२६ पासून जमेल त्या दिवशी सूर्यावरचे डाग मोजले. त्याला हवा होता बुधाच्या आतल्या बाजूने फिरणारा एखादा नवा ग्रह. तसा ग्रह मुळात नाहीच. पण १७ वर्षांच्या नोंदींतून दिसलं, की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांनी वाढते-घटते. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भागांच्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे. पण आधी दिसली ती वार्षिक लाट: मे महिन्यात चढ, मग उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की उतार. पैशांच्या कपातीमुळे १९६४ साली काही महिने मोजणी थांबली होती, आणि ती फट त्या आलेखात आजही दिसते. कुणी ती बुजवली नाही, हे मला आवडतं.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली: नोंदीत एखादा दिवस चुकला तर काय लिहायचं? जागा रिकामी सोडा. शून्य लिहू नका. ‘चाललो नाही’ आणि ‘मोजलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्प्रेडशीट शून्य बघितलं की ते सरासरीत धरणारच. शक्य असेल तर का चुकला तेही दोन शब्दांत लिहा. लोक बहुधा वाईट दिवशीच नोंद चुकवतात, त्यामुळे उरलेले दिवस असतात त्याहून बरे दिसतात.

दुसरी: हा सगळा डेटा दुसऱ्याच्या हाती गेला तर? २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने जगभरच्या वापरकर्त्यांच्या धावण्या-सायकलिंगचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. दोनच महिन्यांत लोकांच्या लक्षात आलं, की ओसाड वाळवंटात मधेच चमकणारे ठिपके म्हणजे व्यायाम करणारे सैनिक आहेत, आणि लष्करी तळांचे आतले रस्ते नकाशावर उमटलेत. एकेकट्याची धाव निरुपद्रवी होती, एकत्र केल्यावर ती माहिती झाली. तेव्हा सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण झाकायची सोय तुमच्या ॲपमध्ये असेल तर आज घरी जाण्याआधीच चालू करा. नाव काढल्याने ओळख पुसली जाते असंही धरून चालू नका. तुम्ही रात्री जिथे असता ती जागा आणि दिवसा जिथे असता ती जागा, या दोन्ही एकत्र लागू पडतील अशी माणसं फार थोडी असतात.