थंड टायर आणि सोलापूरचं ऊन

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च संपत आला की सोलापुरात पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मशीनपाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मामा, दोन कमीच भरा की ओ, ऊन लई आहे, टायर फुटंल." बोलणाऱ्याची गाडी स्पोर्ट बाइक असते, मागचा टायर रुंद असतो आणि हप्ते अजून चालू असतात. काळजी खरी, पण उपाय नेमका उलटा.

उन्हात टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यानं. १७ इंची चाक ताशी १०० च्या वेगात मिनिटाला साधारण ८५० फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जमिनीपाशी दबते आणि वर जाताना सुटते. तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहिलात तर वाकते तिथे चटका बसतो ना, तसंच रबराचं आहे. हवा कमी म्हणजे दबणं जास्त, दबणं जास्त म्हणजे आतली उष्णता जास्त. त्यात बाहेरून मे महिन्याचं डांबर. पुणे रस्त्याला मोहोळच्या पुढे गाडी सरळ पळायला लागली की हे तासभर न थांबता चालू राहतं.

मग हवा किती भरायची? हा आकडा कंपनीनं लिहून दिलेला असतो. चेनच्या कव्हरवर, मागच्या स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, किंवा माहितीपुस्तकात बघा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा मात्र भरायचा नसतो. टायर पूर्ण वजन उचलत असताना जास्तीत जास्त किती हवा चालेल, एवढंच तो सांगतो. कित्येक जण तोच वाचून भरतात आणि गाडी दगडासारखी उडते म्हणून शॉकअपला दोष देतात.

कंपनीचा आकडा थंड टायरचा असतो, आणि सोलापूरकरांनी धरून ठेवायची गोष्ट हीच. थंड म्हणजे गाडी दोन-तीन तास सावलीत उभी आहे, चाक फिरलेलं नाही. समजा मागच्या टायरला ३३ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) सांगितलंय. तुम्ही पहाटे २५ अंशांना ३३ भरलेत. दुपारी टायरमधली हवा ४५ अंशांवर गेली की तोच गेज ३६ दाखवणार. गाडी पळवली असेल तर त्याहूनही जास्त. इथे घाबरायचं काही कारण नाही, कारण ही वाढ धरूनच ३३ चा आकडा ठरवलेला असतो. पण तुम्ही दुपारी बाराला पंपावर जाऊन ३६ बघितलेत आणि तीन सोडायला लावलेत, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायरमध्ये ३० च उरतात. तीच गाडी घेऊन तुम्ही डबलसीट तुळजापूरला निघता.

डबलसीटचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांना मागच्या चाकासाठी दोन आकडे दिलेले असतात, एकट्याचा वेगळा आणि दोघांचा वेगळा. वाचा तो.

मोबाइलवर रेसवाल्या पोरांचे व्हिडिओ बघून कुणी म्हणेल, ते तर हवा कमीच ठेवतात. ठेवतात, खरं आहे. त्यांचे टायर ट्रॅकवर जाण्याआधी वॉर्मरमध्ये गरम केलेले असतात, हवा गरम टायरवर मोजलेली असते आणि दहा-वीस मिनिटांनी गाडी पुन्हा आत येते. त्यांच्या रस्त्यावर खड्डा नाही, उसाची ट्रॉली नाही. कोइंबतूरच्या ट्रॅकवरचा आकडा होटगी रोडवर आणायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

घरी स्वतःचा गेज ठेवा. पंपावरचे गेज दिवसभर आपटून खोटं बोलायला लागलेले असतात. आठवड्यातून एकदा सकाळी, गाडी काढायच्या आधी, हवा बघायची. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यावे का, असं विचारलंत तर माझं उत्तर नको. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे.

आता टायर. नवा घ्यायला गेलात की अंगावरची अक्षरं वाचा. १५०/६० आर १७ ६६ एच असं काही दिसेल. १५० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे रुंदीच्या साठ टक्के उंची, म्हणजे ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे टाकलेला टायर, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ६६ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. तुम्ही २१० नं जाणार नाही आहात, पण कंपनीचा टायर एच असेल तर खालच्या अक्षराचा स्वस्त टायर घालू नका. कंपनीनंच तशी दिलेली नसेल तर पुढे साधा आणि मागे रेडियल असली जोडीही टाळा.

दुकानात सगळ्यात जास्त मागणी असते ती एक नंबर रुंद टायरची. "मागून भारी दिसतंय." दिसतं, मान्य. पण रिम तेवढीच राहते, त्यामुळे टायरच्या कडा आत खेचल्या जातात, आकार बिघडतो आणि वळणावर गाडी झुकायला आळस करते. कधी टायर चेनला घासतो तो वेगळाच ताप.

मऊ, चिकट स्पोर्ट टायर घ्यावा का? रेडिओवर कंपन्यांची नावं घेत नाही, प्रकार सांगतो. आपल्याकडचे रस्ते सरळ. विजापूर, अक्कलकोट, पुणे, कुठेही जा, गाडी तासन् तास उभीच धावते. मऊ टायर मधोमध झिजून चपटा होतो आणि कडा कोऱ्या राहतात. मग वळताना गाडी एकदम पडल्यासारखी होते. आपल्याला स्पोर्ट-टुरिंग प्रकारचा टायर बरा, त्यातही मध्ये कडक आणि कडेला मऊ असं दोन प्रकारचं रबर असलेला. महाग आहे, पण टिकतो.

मला वाटतं, आपल्या भागात टायरची खरी परीक्षा उन्हात नसतेच, ती पहिल्या पावसात होते. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती रस्त्यावर पसरते, वर दोन थेंब पडले की साबण. पाणी बाहेर फेकायला खाचा लागतात, आणि हवा कमी असेल तर त्याच खाचा दबून मिटतात. खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते. टायर तिच्या पातळीला आला की गोटा झाला समजा, मग जूनची वाट बघू नका.

पैसे देण्याआधी टायर बनल्याची चार आकडी तारीख शोधा. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. जुना माल उन्हात ठेवलेला असेल तर नको म्हणा. बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं बसलाय ना, ते तिथेच उभं राहून बघा. आणि नव्या रबराचा वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत, पहिले दीड-दोनशे किलोमीटर, ब्रेक आणि वळण दोन्ही सबुरीनं. नमस्कार.