आधी खासदार, मग मतदार

(दृश्य : हेग शहर. बिनेनहोफचं आवार, जुन्या विटांच्या भिंती, बाजूला तळ्याचं संथ पाणी.)

१७ सप्टेंबर १९१८. नेदरलँड्सची संसद याच आवारात भरायची. कनिष्ठ सभागृहाची बैठक ज्या दालनात होई, ते मुळात राजघराण्याचं नाचघर होतं. आत १०० सदस्यांसाठी बाकं. त्यांतल्या ९९ जागा पुरुषांच्या. उरलेली एक जागा रॉटरडॅमच्या एका शिक्षिकेची. वय ४३, नाव सूझे ख्रूनेवेख.

त्याआधी या संसदेत एकही बाई निवडून आली नव्हती. पण मला थक्क करते ती दुसरीच गोष्ट. ज्या निवडणुकीत सूझे जिंकल्या, त्या निवडणुकीत त्यांना स्वतःला मत देता आलं नव्हतं. देशातल्या कुठल्याच बाईला आलं नव्हतं. त्यांच्या नावापुढे पडलेलं एकूण एक मत पुरुषाचं होतं.

(दृश्य : अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, जुनी छायाचित्रं.)

हे असं उलटं कसं झालं, हे समजायला ३५ वर्षं मागे जावं लागतं. १८८३ मध्ये अलेटा याकोब्स या डॉक्टर बाईंनी अ‍ॅमस्टरडॅमच्या मतदार यादीत आपलं नाव घालावं असा अर्ज केला. त्या कर भरत होत्या, सज्ञान होत्या, आणि मतदार पुरुषच असावा असं कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. कोर्टानंही नाही म्हटलं. पुढे १८८७ मध्ये राज्यघटना बदलली, तेव्हा मतदाराच्या व्याख्येत ‘पुरुष’ हा शब्द मुद्दाम घालण्यात आला. एका बाईनं दाखवून दिलेली फट अशी बुजवली गेली.

१९१७ मध्ये पक्षांमध्ये मोठी तडजोड झाली. २५ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. बायकांना मिळाला तो फक्त निवडून येण्याचा हक्क. मताचं नंतरच्या कायद्यावर सोपवलं. १९१८ च्या जुलैमध्ये निवडणूक झाली. २२ बायका उमेदवार होत्या. त्यांत अलेटा याकोब्सही होत्या. निवडून आल्या एकट्या सूझे.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. आयुष्यभर ज्यांनी हे दार ठोठावलं त्या बाहेर राहिल्या, आणि आत गेल्या त्या सूझे, ज्या स्वतःला स्त्री-चळवळीतल्या म्हणवतही नव्हत्या. त्यांचा पक्ष कामगारांचा, एसडीएपी. मतासाठी लढणाऱ्या बायकांची या पक्षावर जुनी नाराजी होती: आधी सगळ्या पुरुषांना मत, बायकांचं मागाहून, असं पक्षाचं धोरण राहिलं होतं. सूझेंचं म्हणणं सरळ होतं. कामगाराची लढाई एकच आहे, बाई आणि पुरुषानं ती एकाच टेबलाशी बसून लढायची. पक्षात बायकांची वेगळी संघटना असावी हेही त्यांना पटत नसे. त्यांचं हे मत मला पूर्ण पटत नाही. वेगळ्या संघटनांनी रेटा लावला नसता, तर निवडून येण्याचा हक्क तरी आला असता का? पण सूझेंना त्यात आपल्यापुरती सोय पाहायची नव्हती. बाई म्हणून कोपऱ्यातली राखीव खुर्ची त्यांना नको होती.

(दृश्य : हॉलंड्स डीपचं रुंद पात्र, बांध, काठावरचं गाव.)

त्यांचा जन्म ४ मार्च १८७५ चा, स्ट्रायेनसास या पाण्याकाठच्या छोट्या गावात. शिक्षिका झाल्या आणि रॉटरडॅमला आल्या. गोदी कामगारांचं शहर ते. शाळेत पोरं उपाशी येतात की जेवून, बापाचा पगार घरी पोचतो की गुत्त्यात संपतो, हे शिक्षिकेला वेगळं सांगावं लागत नाही. सूझे दारूविरोधी चळवळीत उतरल्या, त्याची मुळं या अनुभवात असावीत असं मला वाटतं. १९०३ मध्ये रेल्वे कामगारांचा संप सरकारनं नवे कायदे करून मोडला. त्याच सुमारास त्या पक्षात आल्या आणि १९१४ पर्यंत थेट कार्यकारिणीत पोचल्या.

खासदार होऊन दोन महिने होतात न होतात तोच वादळ उठलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये शेजारी जर्मनीत क्रांती झाली, आणि पक्षाचे नेते ट्रूल्स्ट्रा यांनी सभागृहात जाहीर केलं की आता सत्ता कामगारांच्या हाती येणार. देश काही उठला नाही. पण घाबरलेल्या सत्ताधाऱ्यांनी सुधारणांना वेग दिला. १९१९ मध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात बायकांच्या मताचं विधेयक कनिष्ठ सभागृहात ६४ विरुद्ध १० मतांनी मंजूर झालं.

(दृश्य : रॉटरडॅम. कोलसिंगल रस्ता, नगरभवनाचा मनोरा.)

१९१९ मध्येच सूझे रॉटरडॅमच्या नगरसभेवर निवडून आल्या आणि दक्षिण हॉलंडच्या प्रांतसभेवरही. म्हणजे एकाच वेळी नगरसेविका, प्रांताच्या सदस्य आणि खासदार. नगरसभेत १९३१ पर्यंत, प्रांतात आणि संसदेत १९३७ पर्यंत. हेगमधला कायदा रॉटरडॅमच्या गल्लीत शिरल्यावर त्याचं काय होतं, हे पाहायला त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नव्हतं. शाळा, आरोग्य, कामाचे तास, बाळंतपणात कामगार बाईची काळजी कोण घेणार... बोलायचे विषय हेच.

५ जुलै १९२२ ला बायकांनी पहिल्यांदा संसदेसाठी मतदान केलं. चार वर्षं खासदार असलेल्या सूझेंना तेव्हा कुठे मतपत्रिका हाती घेता आली. त्या निवडणुकीनंतर सभागृहात बायका सात झाल्या.

आणि मग, पहिलं मत देऊन दोन-तीन वर्षं होतात तोच, पोटावर पाय आला. सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की नोकरी संपली, असा नियम झाला. शिक्षिकाही ४५ वर्षांच्या आत लग्न करतील तर घरी. सूझे स्वतः अविवाहित. त्यांचं वैयक्तिक काहीच जाणार नव्हतं. तरी वर्गात उभं राहून पगार कमावलेल्या या बाईनं त्याला विरोध केला. नियम झालाच. तो सूझेंच्या हयातीत हटला नाही.

तो हटायला आणखी एक बाई यावी लागली. कॉरी टेंडेलो, वकील, आधी अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरसभेत आणि मग संसदेत. २२ सप्टेंबर १९५५ ला त्यांनी ठराव मांडला की विवाहित बाईच्या नोकरीवर बंदी घालणं हे सरकारचं काम नाही. बाजूनं ४६, विरोधात ४४. दोन मतांनी ठराव तरला.

(दृश्य : रॉटरडॅम, १९४०. ढिगारे, धूर. नगरभवन उभं आहे.)

१४ मे १९४० ला जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग जाळून टाकला. कोलसिंगलवरचं नगरभवन त्यातून वाचलं. त्याच वर्षी, १९ ऑक्टोबरला, शहराच्या दक्षिणेला बारेंद्रेख्त इथे सूझे ख्रूनेवेख वारल्या. तेव्हा देश परक्यांच्या ताब्यात होता आणि हेगमधलं त्यांचं सभागृह बंद होतं.

(दृश्य : संसद भवनातला समिती कक्ष. खासदार कागद चाळत आत येतात.)

आज नेदरलँड्सच्या संसदेत एका समिती कक्षाला त्यांचं नाव आहे. त्या टेबलाशी बाया आणि पुरुष शेजारी-शेजारी बसतात.