बंदर आहे, पाणी कुठंय?

[दृश्य: सकाळचे नऊ. सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या खाली हातगाड्यांची कोंडी.]

ह्या भागाचं नाव चिंचबंदर. पण नावावर विसंबून समुद्र बघायला याल, तर फसाल. इथं ट्रक आहेत, गोण्या आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. पाणी दिसलंच, तर टँकरमधलं. समुद्र गाठायचा असेल तर इथून पूर्वेला चालत निघायचं. आधी रेल्वेचे रूळ लागतात, मग पी. डिमेलो रोड, मग बंदराची लांबच लांब भिंत. भिंतीपलीकडे तरी लगेच पाणी लागतं का? ते शेवटी बघू.

मुंबईच्या पूर्व अंगाला अशी नावं ओळीनं सापडतात. बोरीबंदर, मशीदबंदर, वाडीबंदर, दाणाबंदर, लकडीबंदर, कोळसाबंदर. काय उतरायचं ते बऱ्याचदा नावातच आहे. कधीकाळी इथं गलबतं लागायची. मग समुद्रात भराव पडत गेला, काठ पुढे सरकला आणि नाव तिथंच राहिलं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी निघाली, तेव्हापासून तर बंदर म्हटलं की लोकांना स्टेशनच आठवू लागलं.

आज आपण ह्या काठानं चालणार आहोत, आणि चालता चालता माणसं मोजणार आहोत.

[दृश्य: सात बेटांचा जुना नकाशा. खाडीत कोळ्यांची होडी.]

१६६१. पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई द्यायचं कबूल झालं. तेव्हा ह्या बेटांवर दहा हजारांच्या आसपास वस्ती होती. कोळी, भंडारी, आगरी. नारळाच्या वाड्या, भातखाचरं आणि सुकत घातलेली मासळी. कुणाच्या लग्नात आपण आंदण गेलो, हे त्या कोळ्यांना कुणी सांगितलंही नसेल. १६६८मध्ये राजानं ही बेटं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं.

कंपनीला बंदर मिळालं, पण व्यापार करणारी माणसं सगळी सुरतेला. जेराल्ड आँजिए नावाच्या गव्हर्नरनं ओळखलं, की धक्का बांधून भागत नाही, माणसं आणावी लागतात. त्यानं बनिये, पारशी, आर्मेनियन अशा सगळ्यांना आवतण धाडलं. दीवचा व्यापारी नीमा पारख यायला तयार झाला, पण त्यानं आधी अटी लिहून मागितल्या. आमच्या धर्मात ढवळाढवळ नको, आणि घराला जागा फुकट पाहिजे. शहर अजून धड उभं नव्हतं, तोवर ह्या गृहस्थानं जागेचा प्रश्न मिटवून घेतला. अस्सल मुंबईकर!

आँजिएच्या काळातच आकडा साठ हजारांवर गेल्याचं एका प्रवाशानं लिहून ठेवलंय. पण बेटांमधल्या दलदलीनं आणि तापांनी माणसं पटापट मरायची. इंग्रजांत म्हणच पडली होती, मुंबईत माणसाचं आयुष्य म्हणजे दोन पावसाळे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वस्ती सोळा हजारांवर आली होती. मुंबईची गर्दी सतत वाढतच आली असा आपला समज असतो, म्हणून हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. असे उतार पुढेही लागणार आहेत.

[दृश्य: जहाजबांधणीचं जुनं चित्र. सागवानी फळ्या, सुतार.]

१७३६च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार आपली माणसं घेऊन इथं आला. त्याच्या घराण्यानं पुढं शतकाहून जास्त काळ सागवानाची जहाजं बांधली. ब्रिटिशांची ओकची जहाजं जिथं कुजायची, तिथं हे सागवान टिकायचं. १८१७ला मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. आणि १८४२ला चीननं ज्या तहात हाँगकाँग इंग्रजांना दिलं, त्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर. तेही मुंबईचंच, १८१३चं. हा तह ज्या युद्धानंतर झाला, ते पेटलं अफूवरून, आणि चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूच्या पेट्याही ह्याच बंदरातून चढायच्या. इथल्या बड्या बड्या देणग्यांच्या मुळाशी ह्या पेट्यांचा पैसा आहे. कोनशिलेवर तो लिहिलेला नसतो, इतकंच.

मग आला कापूस. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे बघू लागल्या. पैसा इतका आला, की समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लोक वेडे झाले. १ फेब्रुवारी १८६४ला शहराची पहिली रीतसर खानेसुमारी झाली, आकडा निघाला ८,१६,५६२. १८६५ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि इथले शेठ बुडाले. १८७२च्या मोजणीत आकडा होता ६,४४,४०५. हमाल, गवंडी, भरावाचे मजूर, पावणेदोन लाख माणसं निघून गेली. शेअरबाजार कोसळल्याच्या कथा सगळ्यांना पाठ आहेत. ती माणसं गेली कुठं, हे मात्र कुणी विचारत नाही. गावाला गेली असणार, दुसरं कुठं?

[दृश्य: प्रिन्सेस डॉकच्या खोदकामाचं रेखाटन.]

१८६९ला सुएझ कालवा उघडला, १८७३ला पोर्ट ट्रस्ट आला, १८७५ला ससून डॉक झाला, १८८०ला प्रिन्सेस डॉक. मुंबईकरांच्या तोंडी हे सगळं मिळून एकच, गोदी.

प्रिन्सेस डॉक खणताना मजुरांना एक भलतीच गोष्ट सापडली. समुद्राच्या पातळीच्या बरंच खाली, चिखलात, झाडं. एखाद-दुसरं खोड नव्हे, तीनशेच्या वर. त्यातली कित्येक उभीच्या उभी, मुळं जमिनीत रोवलेली. खैराचं रान. केव्हातरी इथं जमीन होती, ती खचून समुद्र आत आला होता. म्हणजे ह्या किनाऱ्यावर पाण्याचं जमीन करणं आणि जमिनीचं पाणी करणं, हे इंग्रजांच्याही आधीपासून चालू आहे.

[दृश्य: मांडवी. अरुंद गल्ली, वखारी.]

मांडवी म्हणजे जकातीचा नाका. गोदीला खेटून धान्याच्या वखारी, वखारीत उंदीर, वखारींच्या वर माणसं. सप्टेंबर १८९६मध्ये इथल्याच एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोव्याच्या डॉक्टरनं निदान केलं, ही गाठीची प्लेग आहे. रोग बहुधा हाँगकाँगहून जहाजानं आला होता. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर पळालं. जो धक्का माणसं उतरवून घ्यायचा, तो ती परत भरून पाठवू लागला. १८९१ला ८,२१,७६४ असलेला आकडा १९०१ला ७,७६,००६वर आला.

पण पोट गावात भरत नव्हतं. माणसं परतली, आणि येताना आणखी चार जणांना घेऊन आली.

[दृश्य: भाऊचा धक्का. लाँचमध्ये चढणारी माणसं, डोक्यावर टोपल्या.]

१९२१ची जनगणना. शहरात पावणेबारा लाख लोक. त्यांतले मुंबईत जन्मलेले किती? शंभरात सोळा. बाकी सगळे बाहेरचे, आणि बाहेरच्यांत सगळ्यात मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा, दोन लाखांवर. हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे. तेव्हा ‘हे बाहेरचे लोक’ म्हणून कुणी तावातावानं बोलू लागलं, की त्याच्या पणजोबाचं गाव विचारावं.

रत्नागिरीचा माणूस यायचा बोटीनं. हर्णै, देवगड, वेंगुर्ला, कुठंही बोट काठाला लागायची नाही. ती आत खोल पाण्यात उभी राहायची. माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची आणि लाटेनं पडाव वर उचलला गेला, की तेवढ्यात बोटीवर उडी घ्यायची. लेकरं हातोहात वर जायची, मग ट्रंक, मग फणस. पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे चाकरमान्याला आषाढात गावाहून काही बरंवाईट कळलं, तर घाट चढून-उतरून जाण्याखेरीज इलाज नसे. त्याच्या आधी घरी पोचायची ती मनीऑर्डर.

ह्याच भाऊच्या धक्क्यावरून १७ जुलै १९४७ला, दिव्याच्या अवसेला, ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. सण होता, बोट खच्चून भरली होती. वाटेत वादळी पावसात ती कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबाग-रेवसच्या बाजूला आजही रामदास म्हटलं, की आधी बोट आठवते, समर्थ नंतर.

[दृश्य: धोबी तलाव. जेर महाल इमारतीचा लाकडी जिना.]

रत्नागिरीकर गोदीत आणि गिरणीत गेला, घाटावरचा गडी हमालीत. गोव्याचा माणूस मात्र जहाजावर चढला. आचारी, स्ट्युअर्ड, खलाशी. एक सफर संपली, की दुसरं जहाज मिळेपर्यंत राहायचं कुठं? त्यासाठी गावागावानं मुंबईत आपापली ‘कूड’ काढली. कूड म्हणजे एक मोठी खोली, गावाच्या मालकीची. आत भिंतीला लागून ट्रंकांची रांग. प्रत्येकाची एक ट्रंक, तेवढाच त्याचा संसार. रात्री तिच्यासमोर वळकटी उलगडायची. एका भिंतीला वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. ह्या जेर महालात अजून कुडी आहेत. ट्रंकाही आहेत. आता त्यांच्याशेजारी मोबाइल चार्जिंगला लागलेले असतात.

[दृश्य: काळा पडदा. मग धुराचा लोट.]

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ उभी होती. दोन दिवसांपूर्वी कराचीहून आलेली. पोटात कापसाच्या गाठी, लाकूड, सुकी मासळी, सोन्याच्या विटा आणि साधारण चौदाशे टन स्फोटकं. कापूस आणि बारूद एका जहाजात भरू नये, हे सांगायला शहाणा लागत नाही. पण युद्ध चालू होतं, जहाजं कमी होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर धूर दिसला. बंब आले. जवान जहाजावरच उभे राहून खाली पाणी मारत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाच्या शेजारच्या आगबोटीचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावर येऊन बसला. पेटलेल्या कापसाच्या गाठी आभाळातून मांडवीच्या छपरांवर पडल्या. जवळजवळ मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात आकाशातून अठ्ठावीस पौंडांची सोन्याची वीट येऊन आदळली. त्यांनी ती परत नेऊन दिली. बाकीच्या विटा गाळातून पुढं कित्येक वर्षं मिळत राहिल्या.

मेलेल्यांचा आकडा आठशे ते तेराशेच्या मध्ये कुठंतरी सांगतात. एवढी मोठी फट का? गोदीत रोजावर कोण आलं होतं, ह्याची यादीच धड नव्हती. जवानांची होती. ते सहासष्ट. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

[दृश्य: क्रेन. एकावर एक रचलेले कंटेनर.]

जहाज रिकामं करायचं म्हणजे पूर्वी टोळी लागायची. मुकादम, हातात लोखंडी आकडा घेतलेले गडी, क्रेनवाला, मोजणीला बसलेला कारकून. एका जहाजाला दिवस नव्हे, आठवडे लागायचे. ह्या माणसांना संघटित करणारे पी. डिमेलो. सुरुवातीला आपण ओलांडला तो रस्ता त्यांच्या नावाचा.

मग लोखंडी पेटी आली. माल कारखान्यात भरायचा, कुलूप लावायचं, थेट परदेशात उघडायचं. मधे कुणी गोणीला हात लावायचा नाही. त्या पेट्यांना लागते मोकळी जागा, खोल पाणी आणि गर्दीतून न जाणारा रस्ता. मुंबईकडे तिन्हींची वानवा. २६ मे १९८९ला खाडीपलीकडे न्हावा-शेवाला नवं बंदर सुरू झालं. त्यासाठी शेवा गावचे कोळी आधीच उठवले गेले होते. तीन शतकांनी पुन्हा तेच. बंदर कुणाच्या दारात आलं, ते त्यालाच शेवटी कळलं.

इकडे शहरात आकडा पुन्हा उतरला. कुलाबा ते माहीम-सायन ह्या मूळ मुंबईत २००१ला ३३,३८,०३१ लोक होते, २०११ला ३०,८५,४११. दहा वर्षांत अडीच लाख कमी. उपनगरं धरून एकूण मुंबई सव्वा कोटीच्या घरात गेली, त्यात हा उतार कुणाला दिसला नाही. ह्या वेळी रोग नव्हता, बाजारही कोसळला नव्हता. गिरण्या गेल्या, गोदीचं काम आटलं, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि चाळीतला माणूस विरार-बदलापूरला गेला. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचं काय, ते ज्यानं त्यानं लोकलमध्ये उभं राहून ठरवावं.

[दृश्य: बंदराच्या भिंतीआतलं सपाट आवार, वरून.]

आता ती भिंतीपलीकडची गोष्ट. हे जे मोकळं आवार दिसतंय ना, हा प्रिन्सेस डॉक. आणि त्याला लागून व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकीन’ उभी होती तो. कंटेनरना जागा हवी म्हणून दोन्ही भरून टाकले. खैराचं रान, मग समुद्र, मग गोदी, मग पुन्हा जमीन.

[दृश्य: भाऊचा धक्का, उजाडताना. बर्फ फोडण्याचा आवाज. दूर अटल सेतू.]

पहाटे इथं मासळी उतरते. बाजूच्याच पायऱ्यांवरून मोऱ्याची लाँच सुटते. मोरा म्हणजे उरण, न्हावा-शेव्याची बाजू. दोर सोडणारा पोरगा ओरडतोय, “मोरा, मोरा, मोरा! चला काकी, पाय उचला!”

काकींनी टोपली आधी आत दिली, मग लाट वर यायची वाट बघितली, आणि पाय टाकला.