फक्कीने आखलेलं रोझ

(दृश्य : कॉलेजचं मैदान, सकाळ. फक्कीचं घमेलं, सुतळी, खुंटी.)

एरवी या फक्कीने कबड्डीचं मैदान आखतात. आज लंडनचं एक नाट्यगृह आखलं जातंय. मधोमध खुंटी, तिला बांधलेली ११ मीटर सुतळी आणि सुतळीच्या टोकाला टी.वाय.ची ही विद्यार्थिनी. गोल फिरत ती १४ खुणा करते, मग एकेक खूण सरळ रेषेने जोडत जाते.

१५८७ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर बांधलेलं रोझ थिएटर असंच होतं. चौदा बाजूंचं, साधारण २२ मीटर रुंद. १९८९ मध्ये खोदकामात त्याचा पाया उघडा पडला. प्रेक्षक उभे राहायचे त्या अंगणात हेझलनटची टरफलं निघाली. आपल्याकडे शेंगांची निघाली असती.

(दृश्य : मुलं आखणीच्या आत दाटीवाटीने उभी राहतात. धक्काबुक्की, हसणं. निवेदन थांबतं.)

एक पेनी दिली की असं उभ्याने नाटक बघायला मिळायचं.

निमित्त होतं ‘शेक्सपिअर इन लव्ह’. १९९८ चा सिनेमा, सात ऑस्कर. वर्गात दाखवला गेला आणि प्रतिसाद लिहायला सांगितला. बहुतेकांनी विल, म्हणजे शेक्सपिअर, आणि त्याची प्रेयसी व्हायोला यांच्या प्रेमावर लिहिलं. साहजिकच आहे, ते दोघं दिसतातच तसे. हिची नजर मात्र हेन्स्लोवर खिळली. हेन्स्लो म्हणजे रोझचा मालक, सिनेमातला जेफ्री रश. सुरुवातीलाच सावकाराची माणसं त्याचे बूट निखाऱ्यांवर धरतात, तो.

(दृश्य : वहीचं पान, पेन्सिलीने उतरवलेल्या नोंदी.)

खरा हेन्स्लो उलट दुसऱ्यांना उसने पैसे देणारा. त्याची हिशेबाची वही आजही लंडनच्या डलिच कॉलेजात जपून ठेवलेली आहे. हिने त्यातल्या नोंदी उतरवून काढल्या. नाटककाराला दिलेली उचल. पोशाखांचा खर्च. वहीपासून वेगळ्या असलेल्या १५९८ च्या नाटकाच्या सामानाच्या यादीत एक खडक, एक पिंजरा, एक थडगं आणि नरकाचं एक तोंड! त्याच वर्षी थॉमस डेकर हा नाटककार कर्जापायी तुरुंगात पडला होता, त्याला सोडवायला ४० शिलिंग गेले, ते मात्र या वहीत आहे.

(दृश्य : पुठ्ठा, खळ, काळा रंग. नरकाचं तोंड तयार होतंय. पहिला जबडा कोसळतो.)

सिनेमा सांगतो, प्रेमात पडला म्हणून शेक्सपिअरला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ सुचलं. हिचं म्हणणं, गोष्ट तर आयतीच होती. आर्थर ब्रुकची त्यावरची दीर्घ कविता १५६२ मध्येच छापून आली होती. तिचं नाटक व्हायला नटसंच लागला, कपडे लागले, पैसे मोजणारा कुणीतरी लागला. तालमीच्या प्रसंगांत हा सिनेमाही तेच दाखवतो, आणि म्हणूनच ते प्रसंग तिला सगळ्यात जास्त आवडले. आम्हालाही.

(दृश्य : ग्रीनरूमचा आरसा. वर्गमित्र ज्युलिएटचा झगा चढवतोय, पाठीमागची नाडी कुणीतरी आवळतंय.)

तेव्हा स्त्रीभूमिका मुलगेच करायचे. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात हे नवलाने सांगायला नको. सिनेमातली व्हायोला पुरुषवेष घेऊन रंगमंचावर शिरते, पण लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर बाईने भूमिका करायला १६६० उजाडावं लागलं. आपल्याकडे १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. हा मित्र आधी लाजला, आता झगा काढायला तयार नाही.

(दृश्य : मैदान, दुपार. आखणीत प्रवेश चालू.)

निबंध वेळेत गेला, मार्कही बरे मिळाले. ‘प्रेमाबद्दल फार कमी लिहिलंय’ असा शेरा होता.

पुठ्ठ्याचा जबडा पुन्हा चिकटवून झालाय. पुढचा प्रवेश थडग्याचा आहे आणि थडगं अजून कुणी केलेलं नाही.